एक डोळा मिटून

सन बावन्नच्या चिखलणीत बैल बुजला आणि जुवाचा दणका बकारामच्या कपाळाला बसला. मार हलकाच होता, पण एकाचे दोन दिसू लागले.

"एक डोळा मिटत जा. खोटं असेल ते निघून जाईल," शेजारच्या गोरेगावचे डॉक्टर म्हणाले.

तसंच व्हायचं. चार बैलांची पुन्हा जोडी व्हायची, दोन तांब्यांचा एक.

भात रोवण्याच्या दिवशी भर दुपारी शेतातल्या बांधीत त्याला दोन रुख्मा दिसल्या. बायकोच ती. त्याने सवयीने डोळा मिटला. एक गेली.

उरलेलीला लागून उभ्या असलेल्या बाया ओरडल्या, "अवं, रुख्मा कोठी गेली? आत्ता तं इथंच होती!"

उरलेल्या रुख्माने त्याच्या हातातल्या भाताच्या रोपांकडे चिखलाचा हात केला. "पऱ्ह्याची पेंडी द्या ना. काऊन पाहून राहिले जी?"

बकारामने घाईघाईने मिटलेला डोळा उघडला.

रुख्मा एकच दिसत होती.