दाजींची नवी आवड

जामखेडात अजिनाथच्या हळदीला डीजे आला होता. अजिनाथनं हौसेनं 'सावलीला थांबू' हा अल्बम लावायला सांगितला. 'बाभूळ' असं टोपणनाव घेतलेला कुणी गायक, सोबत नुसती गिटार आणि हळू आवाजातली गाणी. पहिलं कडवं संपायच्या आत त्याचे दाजी कल्याणराव हळदीच्या अंगानं उठले आणि त्यांनी सरळ वायरच उपटली. "हळद हाय का दहावा? नाचायचं लाव!"

त्याला बरीच वर्षं झाली. यंदा श्रीगोंद्याहून येताना मोबाईलवर आपोआप एक गाणं लागलं आणि दाजींनी टेम्पो कडेला घेतला. अल्बम तोच होता, पण वायर उपटलेली दाजींना कुठली आठवायला? तेव्हापासून रानात, टेम्पोत, अंघोळीत तेच चालू. "काय गळा हाय राव! लोकास्नी कदरच न्हाई," असं ते बायकोला, सत्यशीलाताईंना, रोज सुनावायचे. त्या भाकरी थापता थापता आपल्या भावाचं नाव न घेता नुसत्या हसायच्या.

मग लेकीचं, माधुरीचं, लग्न ठरलं. दाजींनी पहिला फोन अजिनाथला लावला.

"तुला असल्या गाण्यातलं कळतंय. कायबी कर, पन आपल्या माधुरीच्या हळदीला त्या बाभूळला घिऊन ये."





"येतो की दाजी. मामाला तर यावंच लागतंय. फकत ह्या येळंला वायर उपटू नका."