मोरोबाचं तोंड

"डोक्याला हात लावायचा नाही, आधीच सांगून ठेवते," मालूआत्यानं बजावलं आणि फोपनारहून बसमध्ये मांडीवर धरून आणलेला देव टॉवेलातून काढून प्रभाकरकाकांच्या टेबलावर ठेवला.

आत्याच्या सासरचा देव, मोरोबा. परातीएवढं पोट, मागे लांब दांडी, दांडीला खुंट्याच खुंट्या आणि पुढे भोपळ्यासारखं गोल, शेंदराचं डोकं. त्याला ना नाक ना कान. चांदीचे दोन डोळे तेवढे चिकटवलेले. केळीच्या बागेतल्या ओट्यावर तो बसायचा. मंगळवारी तेलशेंदूर व्हायचा, खुंट्यांना हार लटकायचे.

त्या खुंट्यांनीच तर घोळ केला! दिवाळीत आत्याकडे आलेली भाची तृप्ती हार अडकवायला गेली आणि एक खुंटी कर्रकन फिरली. आता देवाची खुंटी फिरेलच कशाला? व्हायोलिनच्या क्लासला जाणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडला, की करंजीसुद्धा गोड लागत नाही. तिनं धडाधड फोटो काढले आणि बऱ्हाणपुरात शनवारा दरवाजाजवळ वाद्यं दुरुस्त करणाऱ्या प्रभाकरकाकांपुढे मोबाइल धरला. काकांनी फोटो मोठा केला, छोटा केला, परत मोठा केला.

"बेटा, हा ताऊस आहे. मोराच्या आकाराचं वाद्य, तुझ्या व्हायोलिनसारखं गजानं वाजवायचं. मीही आजवर फक्त चित्रात पाहिलाय."

आत्याला इथवर आणायला तृप्तीची सगळी वक्तृत्वस्पर्धा खर्ची पडली होती.

काकांनी पोटात टॉर्च मारला. कातडं फाटलेलं, आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. "हे सगळं होऊन जाईल. कातडं नवं, दांडीवरचे सुरांचे पडदे नवे. अडचण एकच आहे. तारांची टोकं मोराच्या छातीशी बांधतात, आणि छाती आहे शेंदराखाली. डोकं उघडल्याशिवाय हा नाही वाजायचा."

"मग नको वाजू दे," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं कुठं वाजत होता?"

"पण आत्या, मतलब, ओरिजिनल कसा होता ते कळेल ना!"

"तुला कळेल. माझं काय?" आत्यानं मोरोबाला दोन्ही हातांनी जवळ ओढलं. "माझा पंकज तापानं फणफणला होता, डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा मी यालाच धरून बसले होते. आता खालून लाकडाचं पाखरू निघालं, तर मी कोणापाशी बसले होते? सांग ना, मोठी बोलणारी!"

आपण खुंटी फिरवली नसती तर बरं झालं असतं, असं तृप्तीला वाटून गेलं. "राहू दे आत्या. घरी नेऊ याला," असं म्हणत तिनं टॉवेल उचलला.

आत्यानं मात्र देव सोडला नाही. ती त्या गोल डोक्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"तृप्ते, तोंड कसं असेल वं याचं?"

"काय माहीत."

"तुला पाहायचंय?"

"खूप!" तोंडून निघूनच गेलं.

"मग मला नसेल का पाहायचं? लग्न होऊन आले तेव्हापासून आंघोळ घालू रायली मी याला. तोंड एकदा नाही पाहिलं." तिनं देव काकांकडे सरकवला. "काढा, भाऊ. पण फुटलं ना, तर तुमच्या दारातच बसेन."

"बसा. चहा देत जाईन," काका म्हणाले, पण त्यांनी हात पँटला दोनदा पुसले.

गरम पाण्यात पिळलेलं फडकं ते शेंदरावर ठेवत गेले. मग एक बारीक तार घेतली, मानेभोवती गुंडाळली आणि धागा ओवावा तशी हलकेच आतबाहेर ओढत राहिले. तृप्तीनं मोरोबाचं पोट घट्ट धरलं होतं. आत्यानं डोळे मिटले, मग एक उघडला.

टक्.

शेंदराचं कवच अख्खंच्या अख्खं काकांच्या तळहातावर आलं.

तिघंही एकदम वाकले आणि तृप्तीचं कपाळ आत्याच्या कपाळावर आपटलं. खाली निळीहिरवी सडपातळ मान होती. पीस न् पीस कोरलेलं, रंग कालच दिल्यासारखा. डोक्यावर तुरा, चोच जराशी उघडी. आणि छातीवर तारा बांधायचे छोटे छोटे खिळे.

"माय वं!" आत्या म्हणाली. "कसा रुबाबात पाहू रायला!"

ती हसत होती आणि पदरानं नाक पुसत होती. तृप्तीला कळेना, सॉरी म्हणावं की नाचावं.

काका कवच खाली ठेवत म्हणाले, "हे तापीत सोडून या, ताई. कवच निघालं की तशीच रीत आहे."

आत्यानं ते उचललं आणि उलटं करून आत पाहिलं. मग तिनं ते तृप्तीपुढे धरलं. शेंदराच्या पोकळीत चोच होती, तुरा होता, पीस न् पीस होतं. सगळं आतल्या बाजूनं उमटलेलं. बाहेरून चांदीचे डोळे जागच्या जागी.

आत्यानं कवच टॉवेलात गुंडाळलं, मांडीवर घेतलं. टेबलावर मोर उघडाच राहिला.

"तुमचं पाखरू राहू द्या इथं," ती म्हणाली. "आणि तृप्ते, वाजायला लागलं की फोन कर. मी मोरोबाला ऐकायला घेऊन येते."