चूळ

ऐलय्याने मडक्यातली घोटभर ताडी तोंडात घेतली, खळखळून चूळ भरली आणि झाडामागे थुंकून टाकली. मग ओली बोटं मिशांवरूनही फिरवली. वास यायला हवा ना!

सत्तेम्मा मागेच उभी होती. रिकामी मडकी डोक्यावर घेऊन ती नवऱ्यापाठोपाठ ताडबनात आली होती, तीही मान खाली घालून. काल भर बाजारात हा बाबा कोलमडला तो थेट कोंबडीवालीच्या टोपलीवर. कोंबड्या उडाल्या, गाव खिदळलं. झाडावर चढणाऱ्याने ताडीला तोंड लावायचं नाही, हे ताडी काढणाऱ्या गौडांच्या घरात पोर चालायला लागण्याआधी शिकतं. सत्तेम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आता बोलली. "थुंकलात? पीत नाही, तर तोंडाला लावता कशाला?"

ऐलय्या चोरासारखा दचकला. खोडाला वेढा घालून चढायचा दोर, मोकू, त्याने कमरेला बांधलेला होता. त्याचंच टोक चाचपत तो म्हणाला, "हळू बोल. लोक बसलेत पलीकडे."

"बसू देत. आधी सांगा."

"वर बघितलं की झाड फिरतं. कूस बदलली की खाट फिरते. डॉक्टर म्हणाला, कानात बारीक खडे असतात, ते जागचे हललेत. डोकं खाटेबाहेर खाली सोडून हळूहळू वळवलं की बसतात पुन्हा. पण धरायला दुसरं माणूस लागतं."

"मग मी काय मेले होते?"

"काय सांगू तुला? ताडी काढणाऱ्याला झाडाची चक्कर येते? पिणाऱ्याची संध्याकाळपर्यंत उतरते. ताडीवाल्यांचा संघ त्याला दंड करून सोडून देतो. चक्करवाल्याची झाडं मात्र दुसऱ्याच्या वाटणीला जातात."

"आणि या अवस्थेत चढणार होतात?"

त्याने मोकूची गाठ आवळली. म्हणजे चढणारच होता.

"अरे गौडा!" पलीकडून म्हातारा कोमुरय्या ओरडला. ताडाच्या पानाचे द्रोण धरून गिऱ्हाइकं केव्हाची ताटकळली होती. "वरची उतरव की! का खालचीच संपवून येतोस?" सगळे हसले.

सत्तेम्माने नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच गिऱ्हाइकांजवळच्या खाटेपाशी नेलं.

"पडा."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"बाजारात पडलात तेव्हा काय पडदा लावला होता?"

ऐलय्या आडवा झाला. डोकं खाटेच्या कडेबाहेर सोडलं. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि तो म्हणाला तसं उजवीकडे वळवलं. क्षणभर काहीच नाही. मग त्याची बुबुळं थरथरायला लागली, एकाच बाजूला उडायला लागली. त्याने खाटेचा दांडा घट्ट आवळला.

"धर गं, धर. पडतोय मी."

सत्तेम्मा त्या डोळ्यांवर वाकली. हे डोळे तिने पाहिले होते. माहेरच्या अंगणात, बापाचे. तोही ताडी काढायचा. त्या सकाळी तो असाच खाटेवर पडला होता, डोळे असेच उडत होते. "धर गं पोरी," म्हणाला होता. "सकाळीच ढोसलीत वाटतं," असं म्हणून ती निघून गेली होती. थोड्या वेळाने तो उठला, कामावर गेला आणि झाडावरून पडला. त्याच खाटेवर घालून लोकांनी त्याला घरी आणलं. प्यायला होता, असं सगळे म्हणाले. सगळ्यांत आधी तीच म्हणाली होती.

कोमुरय्या द्रोण घेऊन जवळ आला. "काय गं सूनबाई, आज जरा जास्तच झाली वाटतं? डोक्यावर लिंबू चोळ त्याच्या!"

"हो म्हण," ऐलय्या पुटपुटला. "सत्ते, पाया पडतो तुझ्या, हो म्हण. झाडं जातील."

तिने त्याच्या डोळ्यांवरची नजर हलवली नाही. बुबुळं मंदावली, थांबली. मग डोकं हलकेच डावीकडे वळवत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "प्यायले नाहीत ते. चक्कर येते त्यांना. थेंब गेला नाही पोटात. एल्लम्माची शपथ."

हसणं थांबलं. कोमुरय्याने द्रोण खाली ठेवला.

ऐलय्याने डोळे गच्च मिटून घेतले. डोकं खाली लोंबत असल्याने पाणी गालांवर न येता कपाळाकडे ओघळलं. तिने ते पदराने टिपलं.

"डोळे उघडा. थांबलेत का बघायचंय मला."

"लाज वाटते गं."

"मलाही," सत्तेम्मा म्हणाली. एका हाताने त्याचं डोकं तसंच तोलून धरत तिने दुसऱ्या हाताने त्याच्या कमरेच्या मोकूची गाठ सोडायला घेतली. ती मात्र वर बघत होती, बाप पडला होता तसल्याच एका झाडाच्या शेंड्याकडे.