साक्षीदारांचा प्रबंध

गुन्हेशास्त्रात एम.ए. करणाऱ्या रुखसारच्या प्रबंधाचा विषय होता : डोळ्यांदेखत घडलेलं साक्षीदार पोलिसांना का सांगत नाहीत. त्यासाठी तिनं लातूर ते मुखेड एसटीचे धक्के खात चाळीस साक्षीदार गाठले. चाळिसांचंही म्हणणं एकच, “घरी लेकरंबाळं हायत, ताई.” प्रबंधात तिनं त्याला ‘भेकड सबब’ असं ठणकावून नाव दिलं.

सोमवारी लातुरात, मेडिकल प्रवेशाच्या क्लासच्या फाटकातच, क्लासवाल्या सरांच्या गाडीनं केळीचा गाडा उडवला आणि गाडेवाल्या रामलिंगचा पाय मोडला. धाकट्या बहिणीला, नाझनीनला, सोडायला आलेली रुखसार चार हातांवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला दारात आले. “ताई, तुम्ही तिथंच व्हत्या म्हणं?”

रुखसारनं आत बघितलं. नाझनीन पुस्तकात डोकं घालून बसली होती. ‘नीट’ परीक्षेला दोन महिने राहिले होते आणि शिकवणारे तेच सर.

“होते की. पण माझी पाठ होती तिकडं.”

 

हवालदार गेल्यावर तिनं प्रबंध उघडला, ‘भेकड सबब’ तशीच राहू दिली आणि ‘एकूण साक्षीदार : चाळीस’ खोडून एक्केचाळीस केले.