बॅटरीवर काय काय

"थोड़ा आगे, भैया. वहाँ तक नीम की छाँव आती है," शरयू वऱ्हांड्यातल्या खुर्चीतून म्हणाली आणि दम खाऊन बसली. सोलरवाला योगेंद्र मागच्या अंगणात चुन्याने रेघा मारत होता. तिच्या नाकातली नळी दारातून आत गेली होती. आत खाटेशेजारी प्राणवायूचं मशीन घुरघुरत होतं.

तिलवाऱ्याकडच्या त्या घराचं छप्पर पत्र्याचं. म्हणून सोलरचे पॅनल जमिनीवरच उभे करायचे ठरले होते. दिवसभराचं ऊन मिळे ते फक्त शरयूच्या वांग्यांच्या वाफ्याला. "वांगी काय, बाजारात मिळतात," असं म्हणून परवा तिनेच तो मोकळा करून घेतला होता. गेल्या महिन्यात पाच तास लाईट गेली होती. त्यानंतर सोलरचा विषय तिनेच घरात काढला होता.

योगेंद्र हात धुऊन वऱ्हांड्यात येऊन बसला. "अब बताइए, लाईट जाने पर बैटरी से क्या-क्या चलेगा?"

तिचा मुलगा अनुपम सांगत गेला, योगेंद्र कागदावर यादी करत गेला. फ्रिज, वायफाय, बेडरूमचा एसी, टीव्ही, दोन पंखे. शरयूने बोटाने आतल्या खोलीकडे खूण केली.

"हो हो, मशीन," अनुपम म्हणाला.

योगेंद्र आत जाऊन मशीनमागची पट्टी वाचून आला. फोनवर आकडेमोड केली. "साहब, ये रात भर में आधी बैटरी खा जाएगी. फिर एसी नहीं चलेगा. या फिर एक बैटरी और लीजिए."

अनुपमने मान खाजवली. मग तो आईकडे वळला. "आई, सिलिंडर आहे न आपल्याकडे? लाईट गेली की तो लावून देऊ."

"दोन तासच... चालतो."

"लाईट तरी कितीक वेळ जाते?"

सांगायचं पुष्कळ होतं. त्या दिवशी सिलिंडर संपल्यावर ती खिडकीच्या गजाला धरून कशी बसली होती, ओठ कसे निळे पडले होते. पण एवढ्या वाक्यांना श्वास लागतो. तिने दोनच शब्द निवडले.

"पाच तास."

"ते एकदाच झालं न, आई. तू काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली?"

तो उठला आणि योगेंद्रला घेऊन पायरीशी गेला. त्याने आवाज खाली आणला. शरयूचे कान मात्र चांगले होते.

"भैया, बैटरी दस साल चलेगी न?"

"जी, आराम से."

"तो दस साल का सोचकर बनाइए. मशीन का क्या है... साल, दो साल."

योगेंद्रने मागे वळून पाहिलं. शरयू त्याच्याकडेच बघत होती. त्याने चटकन नजर कागदावर नेली आणि यादीतल्या एका ओळीवर काट मारली.

शरयूने पदराने तोंड पुसलं. अंगणात वाफ्याच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या होत्या. माती अजून ओली होती.

सून सलोनी चहा घेऊन आली. ट्रे ठेवता ठेवता तिने यादीत डोकावून पाहिलं. "अरे, फिशटँकची मोटर नाही लिहिली?"

"ती काहून?" अनुपम म्हणाला.

"लाईट गेली की हवा बंद होते न त्यांची. मागच्या वेळी दोन मासे गेले. आपली गुड्डी दिवसभर रडत होती."

"अच्छा, हो. ते तर राहूनच गेलं. भैया, वो भी जोड़ दीजिए."

योगेंद्रचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"लिख लो, भैया," शरयू म्हणाली.