बाराव्या थांब्यावरचे दोन नर

पक्षीगणनेच्या बाराव्या थांब्यावर कान देऊन ऐकायची दहा मिनिटं संपली आणि देवमतीने तक्त्यात तोवातोवा या पाखराचे दोन नर मांडले. सात वर्षं ती हेच मांडत होती. एक बांधाच्या अलीकडच्या गवतातून शीळ घालायचा, दुसरा पलीकडून उत्तर द्यायचा. गयानाच्या या किनाऱ्यावर पूर्वी ही पाखरं ढिगाने होती. शिळेच्या नादापायी लोकांनी पकडून पकडून सगळी पिंजऱ्यांत घातली. राहिले हे दोनच.

तक्त्यात प्रत्येक पक्ष्यापुढे एक प्रश्न छापलेला होता: राहतो कुठे? जंगल, खारफुटी, गवताळ रान, भातशेती, वस्ती. तोवातोवापुढे देवमती दरवर्षी गवताळ रानावर खूण करायची. त्या एका खुणेपायी नांगर रानाच्या कडेशी अडून होता. यंदा मात्र गणनेच्या कचेरीतून निरोप आला. आवाज पुरे झाले, डोळ्यांनी पाहून लिहा. नाहीतर तोवातोवाचं नाव यादीतून कमी होईल आणि रान भाताला जाईल.

ती गवतात शिरली. पाती हाताला कापत होती. तीसेक पावलांवर शीळ अगदी कानाशी आली. तिने गवत बाजूला केलं. काठीला पिंजरा टांगला होता आणि शेजारी उलट्या बादलीवर कथबर्टकाका बसले होते. उमेदीत गोदीत हमाली केलेले, आता दर रविवारी पाखरांच्या शिळेच्या शर्यतीत मिरवणारे.

देवमतीने पिंजऱ्याकडे बोट केलं. "काका, हा तुमचा?"

"हळू बोल गं बाई!" ते कुजबुजले. "माझा शिकतोय. गुरू तिकडे आहे, बांधापलीकडे. अस्सल रानातला! आणि त्या हरिलालला ही जागा सांगितलीस तर बघ. आधीच बोंबलत फिरतोय, मी म्हणे त्याच्या पाखराची चाल चोरली!"

देवमतीच्या जिवात जीव आला. एक तर एक. एकावरही रान वाचतं. बांध ओलांडून ती जवळजवळ रांगतच पुढे गेली. समोर शीळ झाली. मागून कथबर्टकाकांच्या पाखराने उत्तर दिलं. पुन्हा समोर शीळ झाली. तिने श्वास रोखला आणि हलक्या हाताने गवत सारलं.

हरिलालकाका ओठांवर बोट ठेवून बसले होते. मांडीवर रोटीचा डबा, समोर काठीला पिंजरा.

"श्श! ऐक, ऐक," ते म्हणाले. म्हाताऱ्याचे डोळे आनंदाने चमकत होते. "तो बघ, रानातला बोलतोय. आठ वर्षं माझा त्याच्याकडूनच शिकतोय. पण एकदा म्हणून दिसला नाही लेकाचा! तू तिकडूनच आलीस ना, पोरी? पाहिलास? राहतो कुठं तो?"

देवमतीला हसावं की रडावं कळेना. तिने तक्ता उघडला आणि पेन्सिल सगळ्यात शेवटच्या रकान्यावर टेकवली.

"वस्तीत, काका," ती म्हणाली. "कथबर्टकाकांच्या घरी."