जर्मनची एक जागा

“त्यांना सांगा, पुढच्या वर्षापासून जर्मनला दोन शिक्षक नसतील. एकच राहील,” प्राचार्य म्हणाले.

थोरल्या मॅडमनी ते जर्मनमध्ये सांगितलं. पाहुण्या बाईंनी मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं.

मुलांना महाविद्यालयासाठी तयार करणारी ही शाळा. इथे इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं आणि जोडीला एक आधुनिक भाषा. जर्मनचा अभ्यासक्रम परदेशातल्या एका संस्थेच्या मान्यतेवर चालायचा, शिक्षक ठेवणं-काढणंही तिच्याच मंजुरीने व्हायचं. बाई तिथूनच आल्या होत्या. प्राचार्य स्वतः इंग्रजीचे. सकाळी त्यांनी बाईंचं स्वागत इतक्या भारदस्त इंग्रजीत केलं, की बाईंना त्यातलं ‘वेलकम’ तेवढं कळलं. मग मॅडमना बोलावणं आलं. “या आज दुभाष्याचं काम करतील,” एवढीच त्यांची ओळख करून देण्यात आली.

जर्मनच्या दोन शिक्षकांना मुलांनी थोरल्या मॅडम आणि धाकटे सर अशी नावं पाडली होती. मॅडमची नोकरी बावीस वर्षांची. धाकटे सर त्यांचेच विद्यार्थी. मॅडमनीच त्यांच्यासाठी शब्द टाकला होता, पहिल्या वर्षी आपल्या टिपणांच्या वह्याही दिल्या होत्या. आता मुलं तास संपला तरी धाकट्या सरांभोवती घुटमळायची. मॅडमच्या तासाला घड्याळाकडे बघत बसायची.

आज सर खाली तोंडी परीक्षा घेत होते आणि मॅडम वर प्राचार्यांच्या शेजारच्या खुर्चीत होत्या. कोण जाणार, हे आणखी कुणी सांगायला नको होतं. ज्याला काढायचं त्यालाच कुणी दुभाषी म्हणून बसवतं का?

“मी नाव घेत नाही,” टेबलाच्या काचेकडे बघत प्राचार्य म्हणाले. “बाईंना दिलेल्या पाकिटात आहे. असं तोंडाने घेणं बरं दिसत नाही.”

एवढ्या आडपडद्याची गरज नव्हती, असं मॅडमना वाटून गेलं.

“त्यांच्या वर्गात मुलं टिकत नाहीत. अध्येमध्ये विषय बदलून निघून जातात.”

यंदा धाकट्या सरांकडून तीन मुलं गेली होती. मॅडमकडून अकरा. पण ती आळशीच होती.

“त्याच्या वर्गात मुलं टिकत नाहीत,” मॅडमनी जर्मनमध्ये सांगितलं. “त्याला शिकवताच येत नाही.” दुसरं वाक्य त्यांच्या पदरचं होतं.

“इतकं?” बाईंनी विचारलं.

“इतकं.”

“पण काम मनापासून करतात, हेही सांगा,” प्राचार्य म्हणाले.

“धडपडतो बिचारा,” मॅडमनी सांगितलं.

प्राचार्य जरा पुढे सरकले. “आणि हे नीट विचारा. अर्धवेळ ठेवता येईल का? आठवड्याला आठ तास. संस्थेची हरकत नसेल तर माझी ना नाही. असं एकदम घरी बसवायला मन धजत नाही हो.”

मॅडम थांबल्या. आठ तास म्हणजे शिक्षकांच्या खोलीतली ती शेजारची खुर्ची तशीच राहणार. दाराशी मुलांचा घोळका, ते हसणं. वर्षभरात आठाचे सोळा व्हायला कितीसा वेळ? काट्याचा नायटा होण्याआधीच काटा काढावा.

“प्राचार्यांची विनंती आहे,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, “निर्णय आजच व्हावा. पूर्ण व्हावा. मागे काही राहू नये.”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पण लगेच लिहिलं नाही.

“अशा वेळी आम्ही अर्धवेळ सुचवतो. लगेच मंजूरही करतो. तुमच्या प्राचार्यांना तेही नको?”

“नको,” मॅडम म्हणाल्या. प्राचार्यांना त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

“कठोर आहात तुम्ही लोक,” असं म्हणून बाई लिहायला लागल्या. कारण लिहिलं. निर्णय लिहिला. खाली सही केली. नावाचा रकाना तेवढा राहिला, म्हणून त्यांनी पाकीट उघडलं. आतला कागद वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“तुम्ही मघापासून ‘तो’ म्हणताय,” त्या मॅडमना म्हणाल्या. “ही तर बाई आहे. बावीस वर्षांची नोकरी. तुमच्या ओळखीच्या आहेत का या?”

त्यांनी कागद मॅडमसमोर फिरवला. नाव स्वच्छ टाइप केलेलं होतं. त्याच्याशेजारी मॅडमचा जुना फोटो चिकटवला होता. त्यात मॅडमचे केस काळेभोर होते, आणि बाईंना समोरचा चेहरा ओळखू आला नव्हता.

खोलीत पंखा फिरत होता. खालून कुणीतरी जर्मनमध्ये आठवड्याचे वार म्हणत होतं आणि धाकटे सर “शाब्बास” म्हणत होते.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“मला वाटलं, तुमच्या मघाशीच लक्षात आलं असेल,” ते हळूच म्हणाले. “तुम्हाला समोर बसवून सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, बोलता बोलता तुम्हालाच कळेल. आणि तुम्ही तर किती शांतपणे सगळं सांगत होतात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मॅडम.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “पण मी अर्धवेळाचं मुद्दाम घातलं होतं. त्याचं काय म्हणाल्या त्या?”

बाई पेन धरून थांबल्या होत्या. रकाना अजून कोरा होता. त्यांना अर्धवेळाचं विचारायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याआधी आणखी एक कबुलीचं वाक्य सांगावं लागलं असतं, आणि ते दोन्ही भाषांत सांगावं लागलं असतं.

“नाही म्हणाल्या,” थोरल्या मॅडम म्हणाल्या.